बारा सेकंदांचा निरोप

यंत्राच्या बाबतीत मी चुकत नाही. वसमतच्या बसस्टँडमागे माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे आणि तिथे येणारं गिऱ्हाईक हे मान्य करतं. मी चुकतो ते माणसांच्या बाबतीत. पण ते मला उशिरा कळलं.

माझे सासरे उकंडराव, म्हणजे आमचे मामा, हट्टा गावच्या हळद उत्पादक गटाचे अध्यक्ष. गटात आसपासच्या वाड्यावस्त्यांवरचे साठ सभासद, आणि मीटिंगला येतात सात. माझ्या लग्नाला सहा वर्षं झाली, तरी मामा चारचौघांत माझी ओळख 'हे कॉम्प्युटरवर काहीतरी करतात' अशीच करून द्यायचे. त्या 'काहीतरी'चा मला भयंकर राग! म्हणून मी गटासाठी फोन-निरोपाची यंत्रणा बसवायचं सुचवलं, तेव्हा फक्त काम मिळवायचं नव्हतं. मला तो शब्द खोडायचा होता.

मामा म्हणाले, आधी चालवून दाखवा, लालसिंगला पटलं तर घेऊ. लालसिंग म्हणजे गटातला अख्खा विरोधी पक्ष. पंधरा वर्षं मामांनी 'हो' म्हटलं की हे 'नाही' म्हणत आलेले.

यंत्रणा अगदी सोपी. दुकानातला मोठा कॉम्प्युटर म्हणजे सर्व्हर. साठही जणांचे नंबर त्याच्या पोटात. आपण कुठेही बसून लॅपटॉपवरून हुकूम सोडायचा, की तो सगळ्यांना फोन लावणार, आपल्या आवाजातला निरोप ऐकवणार, मग वीस सेकंद गप्प राहून समोरच्याचं उत्तर रेकॉर्ड करून ठेवणार. प्रात्यक्षिकाचं आमंत्रणसुद्धा याच यंत्राने द्यायचं, ही कल्पना माझी. दुसऱ्या कोणावर ढकलता येत नाही.

मी पानभर मजकूर लिहिला. रामराम, गटाची प्रगती, यंत्राचे फायदे, शेवटी चहापोहे. वाचायला बसलो तर कळलं, हे फुकटातलं सॉफ्टवेअर एका निरोपाला बाराच सेकंद देतं! मग काटछाट सुरू. रामराम गेला, प्रगती गेली, यंत्र गेलं, पोहेही गेले. उरलं ते एवढंच: "मी हरीश बोलतोय, उकंडरावांचा जावई. आज दहा वाजता सगळ्यांनी मामांच्या घरी यावं." त्यात शेजारच्या गोदामात हळदीला पॉलिश चाललेलं, धुरळ्यानं माझा घसा बसलेला. आवाज चांगला भारदस्त आला. सकाळी आठ वाजता मी बटण दाबलं.

नऊपर्यंत त्रेपन्न उत्तरं जमा झाली. मी एकही ऐकलं नाही. ती सगळ्यांसमोर उघडायची, खरी गंमत तर तिथेच होती. लॅपटॉप आणि स्पीकर घेतला, बायकोला, मंजुषाला, मोटारसायकलवर मागे बसवलं आणि निघालो.

मामांच्या दारात पोहोचलो तर चपलाच चपला! निदान पन्नास माणसं ओसरीवर आणि अंगणात खाली मान घालून बसलेली. मला वाटलं, शिस्त आहे. मी हसत हसत हात जोडले, "सगळे वेळेवर आलात, आनंद वाटला" म्हणालो. लोकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी आपली पँट तपासली.

तेवढ्यात आतून रडणं ऐकू आलं. मंजुषा "आई" म्हणत आत धावली आणि तीही रडायला लागली. मी तिच्या मागोमाग गेलो, तर माझ्या सासूबाई सुमनबाई पाचसहा बायकांच्या गळ्यात पडलेल्या. काय झालं विचारलं, तर त्यांनाही ठाऊक नाही! या बायका आल्या, गळ्यात पडून रडल्या, म्हणून त्या रडत होत्या. मामा कुठे आहेत? पहाटेच शेतात गेलेत, हळद शिजवायला. फोन? तो इथे चार्जिंगला, सकाळपासून वाजून वाजून थकलाय. हे ऐकून मलाही रडू यायला लागलं.

बाहेर आलो आणि जागीच थांबलो. मामा शेतातून परतले होते. घरात रडारड, अंगणात माणसं, सगळ्यांच्या माना खाली. अशा वेळी मोठ्यानं विचारायचं नसतं. मामा मुकाट्याने मागच्या रांगेत जाऊन बसले आणि शेजाऱ्याला हळूच म्हणाले, "कोन गेलं?"

शेजारी लालसिंग होते. मान वर न करता ते म्हणाले, "उकंडराव."

मामांनी सवयीने हात जोडले. मग थोडा वेळ विचार केला.

"कोनता उकंडराव?"

लालसिंगांनी वर पाहिलं आणि ते बसल्या जागी आडवे झाले. पाणी मारून त्यांना उठवेपर्यंत अंगणात जो गोंधळ झाला, तो सांगण्यासारखा नाही.

मंजुषाने मला कोपऱ्यात घेतलं. "आपल्याकडं मेल्याचं कोनी फोनवर सांगतं का? 'या' म्हनतात अन् गप ऱ्हातात. त्यात जावयाचा फोन, त्यात तुमचा असा आवाज!"

म्हणजे यंत्र वीस सेकंद गप्प होतं, तेव्हा लोकांना मी हुंदका आवरतोय असं वाटत होतं. मी लॅपटॉप पिशवीत भरायला लागलो. 'काहीतरी' तर सोडाच, आता मामा माझी ओळखच देणार नव्हते.

"थांबा," मामा म्हणाले. "माझ्यामागं लोक काय बोलले ते तर ऐकू द्या."

स्पीकर लावला. पहिलं उत्तर: "अरं देवा." दुसरं: "कसं झालं? बोला की. बरं, ऱ्हाऊ द्या, येतो." तिसरा आवाज लालसिंगांचा, भरून आलेला: "सरळ मानूस गेला. पंधरा वर्सं मी उगंच आडवा आलो त्याला."

लालसिंग भिंतीकडे तोंड करून बसलेले. मामांचे डोळे भरले होते.

"परत लावा," ते म्हणाले.

मी तीनदा लावलं. चौथ्यांदा लालसिंगच उठले. म्हणाले, "बंद करा ते. मशीन पास. आजवर एवढी मान्सं कव्हा आली व्हती का?"

मला काम मिळालं! ओळखही बदलली. आता मामा सांगतात, "हे आमचे जावई. ह्यांनीच मला मारलं व्हतं."

पुढच्या महिन्याच्या मीटिंगला मी पुरं सॉफ्टवेअर घेतलं आणि मिनिटभराचा निरोप लावला. रामराम, विषय, चहा, पोहे, सगळं. माणसं आली चार. त्यात एक मी.

मामांनी रिकाम्या अंगणाकडे पाहिलं.

"जावईबापू, तो बारा सेकंदांवालाच बरा व्हता. पुढच्या बारीला तोच लावा."

शेवटी माझ्या कामाची कदर झाली म्हणून मी खूश झालो.

"फक्त आवाज माझा घ्या," मामा म्हणाले, "अन् घर तुमचं सांगा."