पाय टेकला की गुण गेला

सिद्रामअण्णा माझ्याशी बोलतात तेव्हा त्यांचे पाय जमिनीवर नसतात. हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही. मी शाळेत मराठी शिकवते, अलंकार कुठे घालावा आणि कुठे घालू नये हे मला कळतं. अण्णा खरोखरच माझ्या फाटकाशी मोटरसायकलवर उभे असतात. मोटरसायकलही उभी असते, म्हणजे जागची हलत नसते. स्टँड लावलेलं नाही, पाय खाली नाही, हँडल एका बाजूला पिळलेलं, ब्रेकवर एक बोट. आणि अशा अवस्थेत हा साठी उलटलेला गृहस्थ शांतपणे विचारतो, "बाई, नळाला पाणी उद्या हाय का परवा?"

पहिल्या खेपेला मी पाण्याचं विसरून त्यांच्या पायांकडेच बघत राहिले. हा माणूस आता माझ्या जास्वंदीवर कोसळणार, एवढंच दिसत होतं. तो कोसळला नाही. पाण्याचं बोलून झालं, कडक भाकरी कुठली चांगली ते झालं, मागच्या मंगल कार्यालयाच्या कर्ण्याला दोघांनी मिळून शिव्या घालून झाल्या. गाडी आपली बोटभर पुढे, बोटभर मागे. शेवटी मीच कंटाळून म्हणाले, "अहो, उतरून तरी बोला!"

"पाय टेकला की गुण गेला," अण्णा म्हणाले आणि तसेच उभ्याउभ्या वळून समोरच्या त्यांच्या घरात गेले.

या गाडीला सीट नाही. मोडलेली नाही, काढून ठेवलेली नाही, मुळात नसतेच. हे समजून घ्यायला आमच्या कॉलनीने फार वेळ लावला. सीट चोरीला गेली का, असं जो तो विचारी. एका सज्जनाने तर आपल्या भंगारातल्या स्कूटरची सीट आणून दिली. "पण बसायचं कुठं?" असं मीही एकदा विचारलं. "बसायचं असतं तर सोफा घेतला नसता व्हय, बाई?" असं उत्तर मिळालं.

तर ही दगडधोंड्यांवरून, कोरड्या नाल्यातून, पुरुषभर उंचीच्या कातळावरून न्यायची गाडी. तिच्या स्पर्धा होतात, पण पहिलं कोण पोचलं हे तिथे कोणी बघत नाही. पाय न टेकता कोण पोचलं ते बघतात. वाटेत पाय जमिनीला लागला की गुण कापला. म्हणून चालवणारा सदैव उभा, टाकी एवढीशी, चाकांत हवा नावापुरती आणि वेग... वेगाबद्दल न बोललेलंच बरं. एकदा अण्णा गल्लीतून येत होते आणि काठी टेकत देवळातून परतणारे एक आजोबा त्यांना मागे टाकून गेले. जाताना वर "सावकाश या" असंही म्हणाले.

अण्णांचा धंदा शेंगाचटणीचा. मूळचे अक्कलकोटकडचे, घरात कानडी, दारात मराठी. चटणी कुटायची त्यांच्या बायकोने, महानंदाअक्कांनी, आणि टेम्पोतून दुकानोदुकानी पोचवायची अण्णांनी. पुण्याच्या कुणा हौशी माणसाकडून ही गाडी त्यांनी जुनी आणली, तीही चटणीच्याच टेम्पोतून. रस्त्यावर चालवायला तिला परवानगी नाही. त्यामुळे रविवारी ती टेम्पोत चढून, लसणाचा वास अंगाला लावून, गावाबाहेरच्या बंद पडलेल्या दगडखाणीत उतरते. कॉलनीतली गल्ली हा रस्ता आहे की नाही, याविषयी अण्णांचं मत वेगळं आहे.

गाडीचं शास्त्र त्यांनी सगळ्या संसाराला लावलेलं होतं. कॉलनीच्या मीटिंगमध्ये टाकीच्या पाण्यावरून लोक एकमेकांच्या अंगावर धावून गेले, तेव्हा अण्णा खुर्चीवरून हलले नाहीत. "तोल सांभाळा की जरा. पाय टेकला की गुण गेला," एवढंच बोलले. आमच्या ह्यांनी बदली नको म्हणून बढती सोडली आणि मग घरात तोंड पाडून बसले. मी समजावून थकले. अण्णा फाटकावरूनच म्हणाले, "साहेब, तुमी दगडाकडं बघालाव. दगडाकडं बघितलं की गाडी दगडावरच जाती. त्याच्या पुढं बघा. जिकडं नजर, तिकडं गाडी." हे दुसऱ्या दिवशी दाढी करून ऑफिसला गेले. मी सांगितलेलं काय वेगळं होतं, हे मला आजही कळलेलं नाही.

रविवारी सकाळी समोरच्या ओट्यावरून टिंग टिंग ऐकू येतं. नव्या भाडेकरूंना वाटतं पूजा चालली आहे. एका अर्थी ती पूजाच. अण्णा चमच्याने चाकाची एकेक तार वाजवून बघत असतात. घट्ट तार खणखणीत वाजते, सैल तार बद्द. "ही रुसलीया," असं म्हणून तिचा पीळ आवळायचा. मग हवेच्या गाळणीचा फोम साबणात धुवायचा, पिळायचा, अक्कांच्या साडीशेजारी दोरीवर वाळत घालायचा, वाळला की तेलात बुडवून पुन्हा पिळायचा. दुचाकीचे कपडे धुणारा दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही.

पण चाकातली हवा ठरवायची अक्कांनी. हवा मोजायचं यंत्र अण्णांकडे होतं. त्यावर त्यांचा विश्वास नव्हता. "महानंदा, दाबून बघ गं." मग अक्का परातीतून हात झटकत बाहेर यायच्या, उजवा अंगठा टायरमध्ये रुतवायच्या आणि निकाल द्यायच्या, "कडक हाय. भाकरी थापायची म्हटलं तर चिरंल." अण्णा हवा सोडायचे. पुन्हा अंगठा. "आता बरं हाय." जन्मभर ज्वारीचं पीठ मळलेल्या अंगठ्यापुढे यंत्राची काय मिजास!

अक्कांचं खरं रूप मात्र दिसलं ते खाणीत. मी एकदाच गेले होते. अण्णांच्या अंगावर गुडघ्यांची, कोपरांची ढाल, डोक्यावर शिरस्त्राण. अक्का डाव्या हातात छत्री आणि उजवा हात मोकळा धरून दगडांमधून त्यांच्या बरोबरीने चाललेल्या. गाडी पुढचं चाक उचलून कातळावर चढायची, माथ्यावर क्षणभर विचारात पडायची, मग माशासारखी पलीकडे घसरायची. माझा जीव मुठीत. आणि अशा वेळी खाणभर आवाज घुमायचा, "टेकला!"

"टेकला न्हाय, घासला!" अण्णा वरून ओरडायचे.

"टेकला! म्या बघितलं की!"

"अगं, बुटाचा तळ लागला फक्त!"

"बूट काय शेजाऱ्याच्या पायात हाय?" असं म्हणून अक्का उजव्या हाताचं एक बोट वर करायच्या. ते बोट म्हणजे गेलेला गुण. दिवसअखेर सगळी बोटं वर झालेली असायची आणि टेम्पोत घरी येईपर्यंत घासला की टेकला हा वाद चालायचा. अण्णांनी एकदाही टेकला असं कबूल केल्याचं मी ऐकलं नाही. नवरा-बायकोच्या भांडणात तिसऱ्याने पडू नये म्हणतात. मी मागे खोक्यावर बसून चटणी खाल्ली.

गेल्या वर्षी संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उठली त्या आठवड्यात अक्कांना झटका आला. जीव वाचला, पण उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. तोंडातून नुसतं "त... त..." निघायचं. ते आपल्याच कानांना ऐकवेना म्हणून अक्कांनी तोंड मिटून घेतलं ते घेतलंच. नातेवाईक म्हणाले, चाकाच्या खुर्चीतून अक्कलकोटला दर्शनाला नेऊ. अक्कांनी मान हलवली. जायचं तर पायाने, नाहीतर फाटकाबाहेर पडायचंच नाही. दोन बायका चटणी कुटायला येऊ लागल्या. चव तशी राहिली नाही. गल्लीत ते कोणी बोललं नाही.

अण्णांनी गाडीवर ताडपत्री टाकली. एका रविवारी ते मला फाटकाशी दिसले, दोन्ही पाय जमिनीवर. "खाणीत जाणं बंद केलंत का?" मी विचारलं.

"मोजणारी आत पडलीया, बाई. पाय टेकला का न्हाय ते कुणाला कळणार?"

"तुम्हाला कळेल की."

"माझा तर कदीच टेकत न्हाय," अण्णा म्हणाले. हसायला हवं होतं. दोघांनाही हसू आलं नाही.

मग एके दिवशी त्यांच्या अंगणात विटा मांडलेल्या दिसल्या. विटा, फरशीचे तुकडे, एक फळी, पुढे जरा उंच दगड. माझं डोकं सणकलं. बायको अशी पडलेली आणि या माणसाने घरातच सरावाची खाण उघडली! चार शब्द सुनवावेत म्हणून मी पदर खोचून थेट त्यांच्या फाटकाशी गेले.

अंगणात अक्का उभ्या होत्या. डाव्या हातात काठी, उजवा पाय फळीच्या अलीकडे अडलेला. अण्णा समोर उलटे चालत होते, दोन्ही हात पसरलेले, अंगाला न लावलेले. "खाली बघू नको, महानंदा. तुळशीकडं बघ. जिकडं नजर, तिकडं गाडी." पाय उचलला, थरथरला, अक्का एका अंगाला कलल्या. अण्णा म्हणाले, "टेक. टेक की गं. खुशाल टेक, हितं गुण जात न्हाय."

अक्कांनी पाय टेकला आणि रागाने काठी भिरकावली. ती येऊन फाटकावर आपटली. "आयितु," अण्णा म्हणाले. कानडीत म्हणजे झालं, संपलं. त्यांनी काठी उचलून आणली, स्वतःच्या सदऱ्याने पुसली आणि अक्कांच्या हातात दिली. "आता परत." मी ओरडायला गेले होते, न ओरडता घरी आले.

व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमनी उजव्या हातासाठी मऊ चेंडू दिला होता. अण्णांनी तो कपाटात ठेवला. "चेंडूला काय इचारणार?" त्यांनी गाडीचं पुढचं चाक काढून अक्कांच्या खाटेशी आणलं. रोज सकाळी लुळा अंगठा उचलून टायरवर ठेवायचा आणि विचारायचं, "कडक हाय का मऊ?" अंगठा गप्प. "बरं, उद्या सांग." असं उन्हाळाभर चाललं. मृगाच्या सुमारास एकदा अंगठा किंचित रुतला आणि अक्कांनी मान हलवली: कडक. अण्णांनी गल्लीभर पेढे वाटले. कशाचे, असं विचारणाऱ्यांना ते म्हणाले, "हवा जास्त झाली म्हणून." लोकांनी निमूटपणे खाल्ले.

दसऱ्याच्या आधीची एक संध्याकाळ. मी शाळेतून येऊन जास्वंदीला पाणी घालत होते. समोर अक्का ओट्यावरच्या खुर्चीत होत्या आणि डाव्या हाताने ताडपत्रीकडे सारखं बोट दाखवत होत्या. अण्णांनी दोनदा न पाहिल्यासारखं केलं. तिसऱ्यांदा अक्कांनी काठी आपटली, तेव्हा ताडपत्री निघाली आणि खाटेशी ठेवलेलं चाक गाडीला परत लागलं. बऱ्याच लाथा खाऊन गाडी फटफटली. अण्णांनी गल्लीत दोन घिरट्या घातल्या आणि सवयीने माझ्या फाटकाशी येऊन उभे राहिले. ब्रेकवर बोट, पाय वर.

"बाई, पाणी उद्या हाय का परवा?"

अण्णांची पाठ त्यांच्या घराकडे होती, माझं तोंड. अक्का खुर्चीतून उठल्या होत्या. काठी खुर्चीलाच टेकलेली राहिली होती. ओट्याची पायरी त्या उतरल्या, नजर सरळ समोर, आमच्याकडे. विटांच्या कडेने एक पाय, मग दुसरा. आपल्या फाटकाशी पोचल्या आणि त्यांनी गज धरला. माझ्या हातातल्या झारीचं पाणी माझ्याच पायावर पडत होतं.

"अण्णा, मागे बघा."

"मागं बघितलं की तोल जातो, बाई."

"जाऊ दे. बघा म्हणते ना!"

अण्णांनी वळून पाहिलं. हँडल सुटलं, गाडी एका अंगाला गेली आणि अण्णांचे दोन्ही पाय धप्पकन जमिनीवर आले. इतकी वर्षं जिला मी जपत होते ती जास्वंद गाडीखाली मोडली आणि मला तिची काडीची फिकीर वाटली नाही.

समोरून आवाज आला. जीभ 'ट'ला अडखळली, 'क'वर थोडी थांबली, पण शब्द सबंध आला.

"टे...कला!"

इंजिन बंद पडलं होतं. मी रडत होते आणि ते लपवायच्या भानगडीत पडले नाही. अण्णा आता घासला म्हणणार, याची मी वाट पाहत होते.

"टेकला की, महानंदा," अण्णा म्हणाले. "दोन्ही टेकले." गाडी तिथेच टाकून ते गल्ली ओलांडून गेले, साध्या माणसासारखे, पायांनी. फाटकाच्या अलीकडे थांबून त्यांनी विचारलं, "किती गेले?"

अक्कांनी दोन बोटं वर केली. उजव्या हाताची.