वरचा कापूस

आमच्या वसंतकाकांना कुणी भेटायला गेलं की ते आधी त्याचा हात हुंगतात. आपण नमस्काराला हात जोडावेत, तर ते जोडलेले तळवे अलगद सोडवून त्यांत नाक घालतात. नवखा माणूस घाबरतो. आम्ही घरचे लोक मुकाट्यानं हात पुढे करतो.

याला कारण त्यांची नोकरी. हिंगणघाटच्या एका जिनिंग कारखान्यात कापूस पारखण्यात त्यांची हयात गेली. शेतकऱ्याची गाडी आली की वरचा कापूस ते पाहायचेच नाहीत. कोपरापर्यंत हात आत घालायचे, तळातून मूठभर कापूस ओढायचे, दाबायचे, हुंगायचे आणि म्हणायचे, "पानी मारलं." वजन वाढावं म्हणून बहुतेक वेळा ते मारलेलंच असायचं. ज्या दिवशी नसायचं त्या दिवशी काकांना घरी जेवण जायचं नाही.

"वरचा कापूस साऱ्याईचाच पांढरा राह्यते," हे त्यांचं एकमेव तत्त्वज्ञान. दूधवाल्यापासून पुढाऱ्यापर्यंत ते सगळ्यांना लागू होतं. माझं लग्न ठरत असताना मुलीकडची मंडळी माझं कौतुक करू लागली, तेव्हा काकांनी त्यांना बाजूला नेऊन हेच वाक्य ऐकवलं. आमच्या सौभाग्यवतींना ते अजून पाठ आहे.

तर अशा माणसाची बायको दवाखान्यात दाखल झाली. काकू अंगणात घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. वर्ध्याला ऑपरेशन झालं, नवीन गोळा बसला. डॉक्टरांनी सांगितलं, सगळं छान झालंय, आता जखमेत इन्फेक्शन तेवढं होऊ द्यायचं नाही. झालंच, तर गोळा काढावा लागेल, आणि मग काकूनं पुन्हा चालायचं नाव काढायचं नाही.

काका-काकूंना मूलबाळ नाही. रात्रंदिवस काकूजवळ राहायचं काम काकांनी घेतलं आणि डबा पोचवायचं मी, कारण मी वर्ध्यात राहतो आणि मला एवढंच जमतं असं घरात सर्वांचं मत आहे.

दोनेक दिवसांनी शेजारच्या खाटेवरच्या बाईंच्या टाक्यांना पाणी सुटलं. त्यांना पुन्हा ऑपरेशनला नेलं. ते स्ट्रेचर दाराबाहेर गेलं आणि त्या क्षणापासून काकांना सबंध वॉर्ड म्हणजे पाणी मारलेली कापसाची गाडी दिसू लागला.

त्यांचा पहिला संशय डॉक्टरांवर. "कोट पांढरा आहे, पन बाह्या पाह्य," असं ते मला कानात म्हणाले. त्यांचं कानात म्हणणं वॉर्डभर ऐकू जातं. डॉक्टर भले गृहस्थ. त्यांनी काकांसमोर हाताला औषध चोळलं. काका म्हणाले, "आंगठे राह्यले." डॉक्टरांनी अंगठेही चोळले. मग थर्मामीटर, मग पडदा, मग खाटेची दांडी. आणि मग मी.

नळाखाली मी बोटांची टोकं भिजवली, तर मागून आवाज, "हे हात धुनं होय का देवाले पानी दाखवनं?" पुन्हा धुतले. त्यांनी हुंगले. "काऊन रे, खर्रा सुरू झाला वाटते पुन्हा?" तंबाखू सोडल्याची शपथ मी सौभाग्यवतींच्या डोक्यावर हात ठेवून घेतली होती. त्या माझ्या मागेच उभ्या होत्या.

मग हिंगणीहून गाडीभर नातलग आले. आपल्याकडे पेशंटला पाहायला जायचं म्हणजे त्याच्या खाटेवर बसायचं, पाय चेपायचे आणि टाके उघडून दाखव म्हणायचं. आत्यानं देवीचा अंगारा आणला होता. कपाळाला लावून उरलेला ती जखमेला लावणार होती. काका आडवे आले. आत्या चिडली, म्हणाली, वसंता, तुझा देवीवर भरोसा नाही का?

"देवीवर आहे. पुडीवर नाई."

हिंगणीची मंडळी दारातूनच परत गेली. आता आमच्या लग्नकार्यांत काकांच्या वाटेला कुणी जाणार नाही. काकांना त्याचं काही नव्हतं.

पण घोटाळा झाला तो त्यांच्याच हातून. ड्रेसिंगचा ट्रे आला. सिस्टर हात धुवायला वळल्या आणि काकांचं लक्ष कापसाच्या सीलबंद पाकिटांकडे गेलं. दवाखान्याचा का असेना, शेवटी कापूस. त्यांनी पाकीट फोडलं, चिमूट ओढली, दोन अंगठ्यांत धरून धागा किती लांब आहे ते पाहिलं. आखूड निघाला. म्हणून दुसरं फोडलं.

सिस्टर वळल्या. त्या ओरडल्या नाहीत. सगळा ट्रे बाजूला सारला, नवीन मागवला आणि एवढंच म्हणाल्या, "काका, निर्जंतुक केलेला होता. तुमचा हात लागला आणि गेला."

काका आपल्या हातांकडे बघत राहिले.

त्यानंतर ते काकूच्या खाटेपासून जरा लांबच बसू लागले. मला वाटलं, राग आला असेल. आणि एका दुपारी डबा घेऊन गेलो तर जागेवर नाहीतच. आता संशय घ्यायची पाळी माझी होती. म्हटलं, सापडले! दुसऱ्यांचे हात हुंगणारे हे बुवा पानटपरीवर खर्रा घोटून घेत असणार. मोठ्या आनंदात मी शोधायला निघालो. दाराशी सिस्टर भेटल्या. म्हणाल्या, "त्या काकांना तुम्ही लोक काही खायला आणता की नाही?" मी हातातल्या डब्याकडे पाहिलं. त्यात काकूची मऊ खिचडी होती.

काका सापडले वॉर्डाच्या मागच्या बाजूला, काकूच्या खिडकीखाली. तोंडाला मास्क. भिंतीला टेकून उन्हातच बसले होते.

"सकाळपासून खोकला आहे," ते म्हणाले. "मी आत कसा जाऊ?"

मी म्हटलं, मास्क आहे ना, सिस्टरना विचारू.

"नाई. तू जाय. हात नीट धुजो. तिची वेनी घालून देजो, तिले मोकळे केस सहन नाई होत."

वेणी? मला? काकांनी खांद्यावरच्या दुपट्ट्याच्या दशा तीन भागांत धरल्या आणि भराभर पेड घालून दाखवले. कापूस ओढलेली ती बोटं फार सराईतपणे चालत होती. "आन तिले सांगजो, मी कामानं हिंगनघाटले गेलो."

मी आत गेलो, हात अंगठ्यांसकट धुतले आणि काकूच्या उशाशी बसलो. वेणी म्हणता येईल असं काहीतरी घातलं. काकूनं विचारलं, कुठं गेले? मी शिकवल्याप्रमाणे हिंगणघाट सांगितलं.

काकूनं हातानं वेणी चाचपून पाहिली.

"वेनी कोनी शिकवली तुले?"

मी डबा उघडू लागलो. तिला कूस वळवायची मनाई होती, खिडकी पाठीमागे. तिनं छताकडे पाहत, पण आवाज चढवून सांगितलं, "मले ताप नाई म्हन त्याईले. जखम कोरडी आहे. जेवून घ्या म्हन."

खिडकीबाहेर काहीच हाललं नाही. आम्ही दोघं ऐकत राहिलो. आणि मग, बराच वेळ दाबून धरलेला असावा तसा, तो खोकला आला.