एकतिसावा रकाना

बारा एप्रिल रोजी संध्याकाळी अमेरिकेतल्या टोलीडो शहरातील ग्राबोव्स्की कुटुंबाच्या जेवणाच्या टेबलावर पुढील वस्तू होत्या : कॉलेजांची होकारपत्रं पाच, 'आपण रांगेत आहात' असं कळवणारी पत्रं दोन, नकार एक, कॉलेजांची चिन्हं असलेले स्टिकर अकरा, कापडी झेंडे दोन, सूर्यफुलाच्या बियांचं पाकीट एक (वर 'आमच्यासोबत बहरा' असं छापलेलं), पायमोज्यांची जोडी एक आणि मॅकरोनी-चीजचं गार झालेलं भांडं एक. कुटुंबातील माणसं दोन. त्यांपैकी अठरा वर्षांच्या जोसलिनला वकील व्हायचं होतं. तिची आई रेनी मोटारींच्या काचा बनवणाऱ्या कारखान्यात तपासनीस होती, आणि मोजल्याशिवाय तिला काहीही पटत नसे.

जोसलिनला वकील का व्हायचं होतं, हे सांगायला फार वेळ लागत नाही. ती अकरा वर्षांची असताना घरमालकानं त्यांना जुन्या घरातून काढलं. कोर्टात आई पर्समध्ये एक कागद शोधत होती. कागद सापडला तेव्हा निकाल लागून पुढच्या माणसाचं नाव पुकारून झालं होतं. त्या दिवशी मागच्या बाकावर बसलेल्या जोसलिननं ठरवलं की आपण मोठेपणी कागद वेळेवर शोधून देणारी बाई व्हायचं. त्यानंतर त्यांना हे घर शेजारच्या घराच्या तळमजल्यावर राहणाऱ्या ऑरव्हिल टॅकेट यांनी बघून दिलं, आणि सोफ्याचं एक टोक स्वतः उचलून दुसऱ्या मजल्यावर चढवलं. तेव्हा त्यांचं वय अडुसष्ट होतं.

"आता घाई करायची नाही," आई म्हणाली. "एक मे ही कॉलेज पक्कं करायची शेवटची तारीख. एकोणीस दिवस आहेत. तक्ता करू."

कॉलेजांना नमुना एक ते नमुना पाच अशी नावं मिळाली. कारखान्यात काचेला नाव देत नाहीत, कारण मग जीव जडतो. रकाने एकतीस झाले. वसतिगृहापासून वर्गापर्यंतचं अंतर, एका प्राध्यापकामागे विद्यार्थी, नळाच्या पाण्याची चव, कॉफीची चव (पाण्याशी संबंध असल्यास तसं नमूद करावं) आणि असंच पुढे. एकतिसावा रकाना जोसलिननं स्वतःच्या अक्षरात लिहिला : न्याय.

पाचही कॉलेजांची माहितीपत्रकं शेजारी शेजारी मांडण्यात आली. पाचहींत झाडाखाली बसलेले चार विद्यार्थी एकाच पुस्तकाकडे बघून हसत होते. पाचहींत एकच वाक्य होतं : 'न्यायाची तळमळ हा आमच्या शिक्षणाचा प्राण आहे.' एका ठिकाणी 'प्राण'ऐवजी 'श्वास' होता.

"पाचही नमुन्यांना दहापैकी दहा," आई म्हणाली. "म्हणजे हा रकाना गेला."

"गेला म्हणजे?"

"अगं, ज्या रकान्यात सगळे नमुने सारखे येतात, तो रकाना काहीच सांगत नाही. आमच्याकडे असला रकाना पहिल्या दिवशी खोडतात."

जोसलिनला यातली चूक सापडेना, कारण त्यात चूक नव्हती. न्याय खोडला गेला.

दुसऱ्या दिवशी ती शाळेच्या प्रवेश-सल्लागार फेअरबेर्न मॅडमकडे गेली. मॅडमच्या खोलीत अमेरिकेचा नकाशा होता, आणि मुलं जिथे जिथे जाणार तिथे टाचण्या टोचलेल्या होत्या. गेल्या वर्षीपेक्षा टाचण्या कमी पडल्या तर मॅडमना मुख्याध्यापकांकडे लेखी खुलासा द्यावा लागे.

"मॅडम, वकिलीच्या आधीच्या शिक्षणासाठी यांतलं सगळ्यात चांगलं कुठलं?"

"तसं काही शिक्षण नसतं, बाळा."

"पाचही जणांनी लिहिलंय की आमच्याकडे आहे."

"त्याचा अर्थ त्यांच्याकडे एक खोली आहे, खोलीत एक माणूस आहे आणि टेबलावर पेपरमिंटच्या गोळ्या आहेत. हे बघ, कॉलेजची चार वर्षं झाली की पुढे तीन वर्षांच्या लॉ स्कूलवाले दोनच आकडे बघतात. प्रवेशपरीक्षेचा आणि चार वर्षांच्या सरासरी गुणांचा. काय शिकलीस ते विचारायला त्यांना वेळ नसतो."

"मग मी शिकायचं काय?"

"जे आधीपासून येतं ते," मॅडम म्हणाल्या. "नवीन काही शिकायला गेलीस तर गुण कमी पडायची शक्यता असते. आणि हुशार मुलांच्या जवळ बसू नकोस."

हा सल्ला तक्त्यात प्रामाणिकपणे उतरवण्यात आला. ज्या नमुन्यात गुण सहज पडतात त्याला जास्त वजन, ज्यात ग्रंथालय मोठं त्याला कमी, कारण मोठं ग्रंथालय म्हणजे तिथे कुणीतरी वाचत असणार. नमुना क्रमांक तीनमध्ये तर्कशास्त्र सक्तीचं निघालं, म्हणून तो तर्काला धरून बाद झाला. नमुना चारमध्ये 'मोकळ्या वेळेचा सदुपयोग' या विषयाची पदवी मिळत होती. तो आठवडाभर पुढे राहिला. मग कळलं की त्या पदवीची वेगळी प्रवेशपरीक्षा फार अवघड असते, मोकळा वेळ सगळ्यांनाच हवा असल्यामुळे.

चोवीस तारखेला दार वाजलं. दारात मिस्टर टॅकेट होते, सोबत त्यांची चौदा वर्षांची कुत्री, बिस्किट. काचभट्टीवर चाळीस वर्षं डोळे शेकून घेतल्यामुळे त्यांना बारीक अक्षर आता दिसत नसे.

"काय वकीलबाई, आहात का मोकळ्या? हे जरा वाचा. उंदराच्या पावलाएवढं छापतात मेले."

जोसलिननं वाचलं. कुत्री पाळल्याबद्दल मालकाला घर खाली करून हवं होतं. सुनावणी मंगळवार, एक मे, सकाळी साडेनऊ. तिनं कागद दोनदा उलटला.

"मिस्टर टॅकेट, नोटिशीत लिहिलंय तीन दिवसांत घर सोडा. नोटीस नऊ तारखेची. आणि दावा अकरालाच लावलाय. मग तिसरा दिवस कुठाय?"

"असं म्हणता?" म्हाताऱ्यानं कुत्रीकडे पाहिलं. "बिस्किट, ऐकलंस का? एक दिवस गिळला लेकानं."

"हे तिथे नुसतं सांगितलंत तरी पुरे."

"मला तिथे अक्षर दिसायचं नाही नि तोंडातून शब्द फुटायचा नाही. तुम्ही शेजारी बसा. बोट ठेवा, मी बोलतो. येता ना?"

"येणार. नक्की येणार," जोसलिन म्हणाली. तिच्या आईनं मिस्टर टॅकेटना कॉफी दिली आणि सोफ्याच्या त्याच टोकावर बसवलं.

सोमवारी, तीस तारखेला तक्ता पूर्ण झाला. नमुना दोन : ७१.३८४. नमुना पाच : ७१.३८४. कारखान्यात तीन दशांशांपुढे काच सारखीच समजतात, त्यामुळे आईचा नाइलाज झाला. जोसलिन पुन्हा फेअरबेर्न मॅडमकडे गेली.

"सोपं आहे," मॅडम म्हणाल्या. "नमुना पाचमध्ये होतकरू वकिलांची खास तुकडी आहे, वीस जणांची. तीत जागा मिळाली तर लॉ स्कूलचं दार निम्मं उघडलं समज. फक्त निबंध हवा. पाचशे शब्द. उद्या, मंगळवारी सकाळी दहाच्या आत."

"विषय काय?"

मॅडमनी चष्मा लावला. "'मी दुबळ्याच्या बाजूनं उभी राहिले तो दिवस.'"

जोसलिननं मिस्टर टॅकेटबद्दल सांगितलं. मॅडम खुर्चीत पुढे सरकल्या. "म्हातारा आहे? डोळ्यांनी अधू? आणि कुत्रीसुद्धा? अगं, असा माणूस लोकांना शोधून सापडत नाही!"

"पण सुनावणी उद्याच साडेनऊला आहे. एका रात्रीत निबंध होणार नाही; तिथे गेले तर तो राहील."

"आणि निबंध नाही लिहिलास तर तू वकील कशी होणार? वकील नाही झालीस तर पुढच्या शेकडो टॅकेटांचं काय? एकासाठी शेकडोंना वाऱ्यावर सोडणार?"

घरी आईनं हाच हिशेब करून पाहिला. चाळीस वर्षांची वकिली, वर्षाला दोनशे माणसं, एकूण आठ हजार. समोरच्या बाजूला एक. "आकडे काही खोटं बोलत नाहीत, जॉस," ती म्हणाली, आणि सोफ्याकडे न बघता स्वयंपाकघरात गेली. खोडलेल्या एकतिसाव्या रकान्याच्या जागी तिनं 'निबंध' असं लिहिलं.

जोसलिननं मिस्टर टॅकेटना मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लिहून दिली. ते म्हणाले, "आणा, राहू दे," आणि ती त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात नीट ठेवली.

मंगळवारी नऊ वाजता निबंध तयार होता. 'मी त्यांच्या शेजारी बसले होते. त्यांचा हात थरथरत होता. मी ओळीवर बोट ठेवलं,' असा शेवट होता. नऊ पस्तीसला मोजणी झाली तेव्हा शब्द पाचशे बारा निघाले. बारा शब्द काढणं भाग होतं. मॅडमनी फोनवरून सुचवलं की भावना कापू नकोस, तपशील काप. जोसलिननं शोधलं आणि बरोबर बारा शब्दांचं एक वाक्य तिला सापडलं : 'नोटीस तीन दिवसांची, दावा दोनच दिवसांत, आणि त्यांना ती वाचता येत नव्हती.' ते काढल्यावर निबंधाला कुठेच धक्का लागला नाही. नऊ बावन्नला निबंध गेला.

दुपारी मिस्टर टॅकेट पायऱ्यांवर बसले होते. बिस्किट त्यांच्या बुटावर हनुवटी टेकून झोपली होती.

"काय झालं?" जोसलिननं विचारलं.

"न्यायाधीशबाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, काही सांगायचंय का? मी खिशात चिठ्ठी शोधायला लागलो. आतल्या खिशात ठेवली हेच विसरलो बघा. मग म्हटलं, माझी वकील येतेय. त्या म्हणाल्या, कधी? मी म्हटलं, सात वर्षांनी." ते जरासे हसले. "बाई पण हसल्या. घर सोडायला सात दिवस दिलेत."

जोसलिन खालच्या पायरीवर बसली.

"भिंतीवर घड्याळ होतं मोठं," ते म्हणाले. "भट्टीवरची सवय, जात नाही. मोजलं मी. तुमचं काय, झालं का कॉलेज पक्कं?"

खास तुकडीचं पत्र अकरा मे रोजी आलं. निवड समितीनं निबंधाला दहापैकी नऊ पूर्णांक आठ गुण दिले होते आणि शेवटच्या परिच्छेदाचा वेगळा उल्लेख केला होता. शाळेच्या नकाशावर टाचणी टोचली गेली. शेजारच्या घराचा तळमजला त्याच्या तीन दिवस आधी रिकामा झाला होता.

ही गोष्ट इथपर्यंत वाचायला साधारण सात मिनिटं लागतात. मिस्टर टॅकेट यांची सुनावणी तीन मिनिटं चाळीस सेकंद चालली.