गव्यांचा वकील

आमच्या शेजारच्या बापूंचं गव्यांशी लय जुनं वैर. दरसाल गवं नाचनी तुडवायचं, आन् बापू डबा बडवत त्यांच्या खानदानाला शिव्या घालायचं. पर वाडीवर फोनचा टावर येनार म्हनल्यावर ह्योच मानूस गव्यांचा वकील झाला.

"सायेब, टावरनं गव्याचं डोस्कं फिरंल की वो!" वनखात्याचा सायेब आला की बापू आडवं जायाचं. "मुकं जनावर त्ये. दुखलं खुपलं तर कुनाला सांगंल?"

आमची वाडी अभयारन्यात. सरपन तोडू देत न्हाई म्हनून बापू ह्याच सायबाच्या नावानं बोटं मोडायचं. आता त्येलाच कोंबडं कापून जेवाय घालायचं, आन् "टावरला परवानगी देऊ नगा," म्हनून पुन्यांदा वाढायचं.

दर टायमाला कारन नवं. टावरनं मध आंबट हुतोय. टावरनं कोंबड्या खुडूक बसत न्हाईत.

"आवं बापू, कोंबड्या ऱ्हायल्यात कुटं? समद्या सायबाच्या पोटात गेल्या," मी म्हनलं.

"वैनी, तुमास्नी जंगलातलं कळत न्हाई."

घ्या! जलमभर सरपन काय मी मिरजंच्या बाजारातनं आनलं?

हसायची मी, पर घरात सून भरल्या दिसांची. रेंज फकस्त वर खिंडीत. माजी थोरली लेक बाळंतपनात अशीच आडली. गाडी बोलवाय फोन लागंना. झोळीत घालून खाली न्हेताना वाटंतच गेली. दुसऱ्या दिशी मी भात लावाय गेल्ते. पाऊस काय आपल्यासाटी थांबतोय?

दुपारचं सुनंला कळा लागल्या. पोरगा खाली कामावर. जावंला तिच्यापाशी बसवलं आन् बापूंच्या दारात गेले.

"बापू, फोन घ्या. खिंडीत चला, गाडी बोलवायची."

गव्याचं नाव काडलं न्हाई गड्यानं. दुखरा गुडगा धरून, अनवानी, माज्या म्होरं पळत सुटलं. खिंडीत फोन लागला.

"निगाली गाडी," बापू म्हनलं.

माजा जीव भांड्यात पडला. बापू मात्र फोनकडं बगत तसंच हुबं.

"आलाईसा तर शिरपाला बी लावा की," मी म्हनलं. शिरपा त्यांचा येकुलता पोरगा, मिरजंत नोकरीला.

"त्यानं लावावा म्हनून बसलोय, वैनी. दोन दिवाळ्या झाल्या." मग हळूच म्हनलं, "घरात बसलं की म्हनता येतं, पोरगा लावत आसंल, रेंज न्हाई म्हनून लागत न्हाई. टावर झाल्यावर काय म्हनू?"

पर सून कळा देत हुती. तशीच खाली पळाले.

नात झाली. सून बी बरी हाय.

परवा ग्रामसभेत सरपंचानं इचारलं, टावर कुनाला पायजे? हात वर करा.

पयला हात बापूंचा. हात वर, आन् मान खाली.