काकाजींच्या मायचं नाव

वांग्याचं पोतं उतरवण्याआधी दलालाला त्याच्या पणजोबाचं नाव विचारणारा माणूस अमरावतीच्या बाजारात एकच होता, आणि तो नेमका माझ्या वाट्याला चुलत सासरा म्हणून आला. आम्ही त्यांना काकाजी म्हणायचो. समोरचा पणजोबापाशी अडखळला, की काकाजी बोट आभाळाकडे करत, "वर चाल, अजून वर!" एकदा बैलगाडी रस्त्यात लावली म्हणून शिपायाने धरलं. तासाभरात तो त्यांचा दूरचा भाचा निघाला आणि फुकटची वांगी घेऊन गेला.

गंमत म्हणजे काकाजींना अक्षर येत नव्हतं. पिढ्या तोंडपाठ, पण कागद दुसऱ्याने वाचायचा. मी पंधरा वर्षांची नवी सून, चौथी पास. घरात वाचणारी एकटीच, त्यामुळे नाक कायम छपराला टेकलेलं.

एके दिवशी त्यांनी सरकारी शिक्क्याचा कागद पुढे केला. कोतवालाच्या जन्ममृत्यूच्या बुकाची नक्कल.

"वाच पोरी. माह्या मायचं नाव पायजे."

माय गेली तेव्हा काकाजी पाळण्यात होते. सगळे तिला मोर्शीवाली म्हणत. बापाने बायकोचं नाव कधी तोंडातून काढलं नाही, आणि तिचं माहेर पटकीच्या साथीत संपलं. आमची वंशावळ लिहिणाऱ्या भाटाच्या वहीत तर सगळे बाप्येच.

कागदावर होतं, 'दौलत माळी याची बायको. ताप.' बस. मी मान वर केली, तर साठीचा तो माणूस माझ्या ओठांकडे पाहत होता.

"गंगा," मी म्हणाले.

मोठी दयाळू झाले होते मी! त्या सर्वपित्रीला काकाजींनी गंगेच्या नावाने पान वाढलं. शेजारणी विचारू लागल्या, गंगाआजी दिसायला कशी होती? मी तेही सांगितलं. उंच होती म्हणे.

दिवाळी झाली आणि भाट आला. ओसरीवर वही उघडली, बोरू शाईत बुडवला. काकाजी म्हणाले, "पयले माह्या मायचं टाक." माझे हात पिठात. वहीत एकदा पडलेलं पुसत नाहीत. माझी थाप आता पुढच्या पिढ्या वाचणार! मी तशीच पदर सावरत धावले, साऱ्या बाप्यांपुढे.

"काकाजी, थांबा! कागदात नाव नाई. म्या खोटं सांगितलं."

सासूबाईंनी दारातच कपाळावर हात मारला. काकाजी मात्र शांत.

"मले माईत हाये. तुह्या आधी चौघांकून वाचून घेतला होता तो कागद. चौघंबी म्हणे, नाव नाई."

"मग मले काहून विचारलं?"

"म्या म्हटलं, पाहू पाचव्यांदा. तू बोलली तं बरं वाटलं. दोन मईने मायले नाव होतं."

भाटाचा बोरू वाळत आला होता. "मंग काय लिवू?"

"लिवाले बसलो होतो तेच. मोर्शीवाली."

म्हणजे माझं सगळं धाडस फुकट! पण छातीवरचा धोंडा उतरला.

"आता हिचं लिव. पुतण्याच्या बाजूले."

"बायांचं लिवत नाई आमी," भाट कुरकुरला.

"आजपासून लिव. नाई तं उद्या हिचं लेकरू कागद घेऊन दारोदार फिरीन." मग माझ्याकडे वळले. "सांग वं. माहेरचं नाव सांग."

लग्न झाल्यापासून त्या घरात मला कुणी ते विचारलं नव्हतं. मी सांगितलं. या खेपेला खरं.