परवानगीचा पट्टा

इथे आखातात, आमच्या मुहर्रकच्या इमारतीत तळमजल्यावर राहणारे परबकाका रोज संध्याकाळी पाच वाजता कुत्र्याला फिरायला नेतात. यात विशेष काही नाही. पण कुत्र्याच्या गळ्यात पट्टा बांधण्याआधी ते ऑस्ट्रेलियातल्या एका बाईची परवानगी घेतात. पट्टा दोन्ही हातांत धरायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "मावशे, बांधतंय गो?" मग स्वतःच मान डोलवायची आणि बक्कल लावायचं.

"ती तिकडून हो म्हणते होय?" मी एकदा विचारलं.

"लगेच म्हणता. मुक्या जनावराक ताटकळत ठेवूचा नाय, ह्या तिका कळता."

काका कुडाळकडचे. सव्वीस वर्षं मीना सलमान बंदरातल्या एका वर्कशॉपमध्ये गाड्यांच्या सीटा आणि बोटींच्या गाद्या शिवतात. बुदैयाला एका ऑस्ट्रेलियन मॅडमच्या बागेतल्या गाद्या त्यांनीच शिवल्या होत्या. मॅडम कायमच्या मायदेशी निघाल्या तेव्हा रस्त्यावरून उचलून सांभाळलेला लंगडा कुत्रा त्यांनी काकांच्या हवाली केला. कुत्र्याचं नाव बिस्किट. घरमालकाने त्याला मागच्या अंगणातच ठेवायच्या अटीवर परवानगी दिली. बिस्किटाबरोबर पट्टा आला आणि पट्ट्याबरोबर एक कार्ड.

त्या कार्डाने माणूस बिघडला, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि ते मराठीत मीच वाचून दाखवलं, म्हणजे पाप माझ्याच माथी. पट्ट्यावर लाल, पिवळे, पांढरे ठिपके, मधे वर्तुळं आणि त्यांच्याकडे जाणाऱ्या रेघा. कार्डावर लिहिलं होतं, की हे चित्र तिथल्या एका आदिवासी चित्रकार बाईंचं. वर्तुळं म्हणजे तिच्या आजीच्या मुलखातला पाणवठा, रेघा म्हणजे पाण्याकडे चालत येणारी माणसं. हे चित्र तिच्या घराण्याचं आहे, पट्ट्यासाठी तिने ते वापरू दिलं आहे, तिला विचारल्याशिवाय कुणी उतरवून घेऊ नये.

काकांना तिचं नाव उच्चारता येईना, म्हणून ती मावशी झाली. आणि तेव्हापासून "इचारलंस काय?" हा प्रश्न आमच्या मागे लागला. मी त्यांच्या कुंडीतला कढीपत्ता तोडला, की "इचारलंस काय?" म्हणजे त्यांना नव्हे, कढीपत्त्याला. माझ्या लेकीने बिस्किटाचा फोटो काढला, तेव्हाही तेच. ती म्हणाली, "काका, इट्स जस्ट अ डॉग." त्यावर काकांनी बिस्किटाचे कान झाकले.

एका शुक्रवारी त्यांच्या व्हॅनमधून मी बुदैयाला ताजी भाजी आणायला गेले होते. बिस्किट मागे बसला होता. येताना पाळीव प्राण्यांच्या सामानाच्या दुकानात थांबलो. हैदराबादी मालकाची नजर पट्ट्यावर गेली.

"चचा, तुम तो सिलाई करते ना? हूबहू ऐसाइच बना दो, पचास पीस."

"मफी, नहीं होगा. इस बाई को पूछना पड़ेगा."

"अरे, डॉट किसी के बाप के रहते क्या?"

"बाप के नहीं, आजी के हैं." काका तापले. "तुम्हारी नानी के कुएँ का पानी मैं बोतल में भर के बेचूँ, चलेगा?"

"मेरी नानी के घर में नल था, चचा."

मी हसू दाबायला मांजराच्या खाण्याचे डबे बघू लागले. दुकानदार भला माणूस होता. तो म्हणाला, "तो फिर अपने घर का कुछ बनाओ. उसमें तो किसी को पूछना नहीं?"

परतीच्या वाटेवर सिग्नल हिरवा झाला तरी काका आरशातून बिस्किटाच्या पट्ट्याकडेच बघत होते. एरवी सिग्नललाही नावं ठेवणारा माणूस.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते कोरे कागद घेऊन माझ्या दारात हजर. "बाय, तुका रांगोळ्यो येतत मा?"

काकांच्या बायको, सुमतीकाकी, गावी रोज पहाटे तुळशीपुढे ठिपक्यांची रांगोळी काढत. एकच, ठरलेली, सासूकडून आलेली. काकांना ती हवी होती. मी आठवतील तेवढ्या रांगोळ्या काढल्या. कमळं झाली, पानं झाली, शंख झाले. काका प्रत्येक कागद लांब धरून बघत आणि म्हणत, "ही नाय." गावाहून भावजयीने तीन फोटो पाठवले. त्यांतही ती नव्हती. काकांच्या स्वतःच्या मोबाईलमध्ये गावच्या फणसाचे अकरा फोटो होते, नव्या मोटारपंपाचे चार. रांगोळीचा एकही नव्हता.

आणि विचारायचं कुणाला? काकी दोन वर्षांपूर्वी अचानक गेल्या. काका पोचले तेव्हा तिसरा दिवस उजाडला होता.

पाचव्या संध्याकाळी कागद संपले. काका म्हणाले, "बाय, ठिपके माका पाठ आसत. रजेर गेलंय काय ठिपके घालूचा काम माजा. शिलाईचो हात, एक ठिपको इकडचो तिकडे नाय. नऊ ते एक. रेघांनी जोडी ती. तोपर्यंत मी चाय पियाक आत." मग बराच वेळ ते बिस्किटाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. "एकदा तरी थांबान बघूक होया होता, गो."

मला रडू आलं. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं, म्हणून लपवलं नाही.

रविवारी त्यांनी वर्कशॉपमधून बिस्किटासाठी शेणासारख्या हिरवट रंगाचा तिकोनी रुमाल शिवून आणला. वर पांढऱ्या दोऱ्याच्या गाठी: नऊ, मग आठ, मग सात, अशा टोकापर्यंत, शेवटी एक. एकही रेघ नाही. कडेला कापडी पट्टी, तिच्यावर मोठ्या अक्षरांत नाव शिवलेलं: सुमती गोविंद परब. दुकानदाराला अजूनपर्यंत एकही नग मिळालेला नाही.

पाच वाजता मी अंगणात मुद्दाम गेले. काकांनी आधी मावशीला विचारून पट्टा बांधला. मग रुमाल दोन्ही हातांत धरला, डोळे मिटले. "सुमती, बांधतंय गो?"

मान डोलली नाही. बिस्किट दाराकडे बघून कुंईकुंई करू लागला, त्याने काकांची लुंगी ओढली. काका तसेच उभे.

"काका," मी हळूच म्हटलं, "मावशी तर लगेच हो म्हणते."

त्यांनी डोळे उघडले नाहीत. "चोवीस वर्षां ही माका 'कधी येतलात' म्हणान इचारी, आणि मी 'पुढच्या सालाक, इंशाल्ला' म्हणान सांगी. आता तिका जरा येळ घेवंदे."

मी बिस्किटाला जवळ ओढून पायरीवर बसले, आणि आम्ही दोघं थांबलो.