गोटूबेड, एकच शब्द

आमच्या शेजारचे गृहस्थ फोनवर स्वतःचं नाव सांगताना उठून उभे राहत. बसल्या बसल्या सांगितलं तर समोरच्याला थट्टा वाटते, असा त्यांचा अनुभव होता.

"गोटूबेड," ते सांगत. "एकच शब्द. मधे जागा नाही." मग थोडं थांबत. पलीकडचं हसू ओसरायला किती वेळ लागतो, याचा त्यांना नेमका अंदाज होता. "हो, खरंच. आता स्पेलिंग घ्या."

गोटूबेड. म्हणजे सरळ सरळ 'झोपायला जा'. इंग्रजांत असं आडनाव असतं यावर माझाही आधी विश्वास बसला नाही. पण हसायचा अधिकार मला नव्हता. माझं आडनाव झोपे.

दोन हजार तीन साली आम्ही पुण्याहून इथे, वेलिंग्टनच्या उत्तरेला असलेल्या पामर्स्टन नॉर्थला आलो. मी, बायको सुनंदा आणि मुलगी मुक्ता. एका संशोधन संस्थेत मला कॉम्प्युटर सपोर्टची नोकरी मिळाली होती. पत्रपेटीवर नावाची पट्टी चिकटवून तिसरा दिवस असेल. गार वारा सुटलेला, आणि हाफपँट आणि जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घातलेला एक म्हातारा पेटीसमोर वाकून उभा. त्यांचं इंग्रजी मी इथे मराठीत देतो.

"किया ओरा," त्यांनी इथला नमस्कार केला. "याचा उच्चार काय? आणि अर्थ काय?"

मी उच्चार सांगितला. अर्थ सांगावा की नाही अशा विचारात पडलो आणि सांगून टाकला. झोप.

त्यांनी माझा हात धरला तो सोडेचनात. "सदतीस वर्षं या गावात मी टपाल वाटलं," ते म्हणाले. "हजारो नावं वाचली. नातेवाईक आज भेटला."

तेव्हापासून दर शनिवारी सकाळी दहाला ते येऊ लागले. पाच दिवस शास्त्रज्ञांना त्यांचे विसरलेले पासवर्ड पुन्हा देऊन माझा जीव मेटाकुटीला आलेला असे. शनिवारी सोफ्यावर आडवं व्हावं, याशिवाय माझी काही महत्त्वाकांक्षा नव्हती. दारावर टकटक झाली की सुनंदा आतून म्हणायची, "आले तुमचे गोटूकाका. झोपेंच्या नशिबी झोप नाही."

काकांच्या काखेत एक तपकिरी वही असे. तीत आडनावाचा सगळा संसार. मूळ गाव इंग्लंडात केंब्रिजच्या बाजूला, दलदलीच्या मुलखात. अर्थाबद्दल मात्र दोन तट. एक म्हणतो, कुणातरी झोपाळू पूर्वजाला गावानं ठेवलेलं हे नाव. दुसरा म्हणतो, छे, ते जुनं 'गोडबर्ट', देव आणि तेज असा त्याचा अर्थ, लोकांच्या जिभेवर झिजून झिजून असं झालं. काकांची तब्येत बरी असली की ते दुसऱ्या तटात असत. गुडघे दुखत असले की पहिल्या.

"देवतेज!" सुनंदानं भाषांतर करून दिलं. त्यांनी ते वहीत रोमन लिपीत उतरवून घेतलं.

लायब्ररीत बसून त्यांनी देशातल्या सगळ्या गावांची फोनबुकं चाळली होती. गोटूबेड सापडले दोन. एक वारलेले निघाले आणि दुसऱ्यांनी फोन आपटला. "दुर्मीळ आहोत आपण," ते म्हणत. "स्मिथ काय, कुठलंही कुंपण हलवा, दोन खाली पडतात."

मग त्यांनी झोपेंचा इतिहास मागितला. मी भुसावळला बाबांना फोन लावला. बाबा म्हणाले, "आडनाव आहे, चौकशी कसली करतोस? पोरीला मार्क किती पडले ते सांग." हेही काकांनी वहीत लिहून घेतलं.

मुक्ताला मार्क चांगले पडत होते. पण चौदाव्या वर्षी मार्कांनी भागत नाही. शाळेत तिला आधी 'सोपी' म्हणायचे, साबणावरून. मग कुणीतरी शोध लावला आणि तिची 'डोपी', म्हणजे मठ्ठ, झाली. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत देते. एके दिवशी जेवताना म्हणाली, "बाबा, आय ॲम जस्ट टायर्ड ऑफ इट." तिला आईचं माहेरचं आडनाव हवं होतं. राणे.

मी रागवायला हवं होतं. पण फोनवर झेड फॉर झीब्रा करून करून मीही दमलो होतो. इथे तर झेडला झेड म्हणतात तरी चुकतं. आम्ही फॉर्म आणला.

फॉर्मवर जे.पी.ची सही लागणार होती. आपल्याकडे अटेस्ट करायला गॅझेटेड ऑफिसर शोधतात, तसे इथे हे जे.पी.; सरकारनं नेमलेले, फुकट सही करणारे भले लोक. आमच्या रस्त्यावर एकच जे.पी. होते. गोटूकाका.

"लायब्ररीतही बसतात कुणीतरी," मी म्हटलं. "तिकडे जाऊ."

"म्हणजे आता त्या म्हाताऱ्यापासून तोंड लपवायचं?" सुनंदा म्हणाली. "चला."

तिघंही गेलो. काकांनी चष्मा लावून फॉर्म पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मी व्याख्यानाची वाट बघत होतो. त्यांनी आम्हा दोघांकडून शपथ म्हणून घेतली, सही केली, शिक्का मारला, शाईवर हलकेच फुंकर घातली. मग मुक्ताला म्हणाले, "नवीन नावाचं स्पेलिंग सांग. एकदाच सांग, मी बरोबर लिहीन."

तिनं सांगितलं. त्यांनी वहीत लिहिलं आणि वही मिटली.

"रोझमेरी अठरा वर्षांची होती," ते म्हणाले.

त्यांना मुलगी आहे हे आम्हाला तोपर्यंत माहीत नव्हतं.

तिलाही शाळेत छळलं होतं. अठरा पूर्ण झाली त्या आठवड्यात तिनं आईचं माहेरचं आडनाव घेतलं, हिल. आणि वेलिंग्टनला निघून गेली. काका तेव्हा तिला म्हणाले होते, कागदावर तू हवं ते कर, मी लिहीन ते माझ्या मुलीचंच नाव लिहीन. दर वाढदिवसाला ते पत्र टाकत. मिस रोझमेरी गोटूबेड. दर वर्षी ते परत येई. पाकिटावर लिहिलेलं असे, 'या नावाचं इथे कुणी नाही.'

"अक्षर तिचंच," काका म्हणाले. "आणि हा रस्ता माझ्याच टपाल वाटायच्या बीटमध्ये. परत आलेलं पत्र मीच माझ्या पेटीत टाकायचो."

मग मुक्तानंच विचारलं. तिच्या वयाची माणसंच असं विचारू शकतात. "पण तुम्ही नुसतं हिल का नाही लिहिलं?"

मी तिच्याकडे डोळे वटारले. काकांनी हातानंच मला थांबवलं.

"दमलो होतो गं," ते म्हणाले. "सगळ्या जगाला स्पेलिंग सांगून सांगून. वाटलं, घरच्या माणसाला तरी समजावून सांगायला लागू नये." मग म्हणाले, "तीही दमली असेल, हे काही लक्षात आलं नाही."

सुनंदा उठली आणि न विचारता त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन तिनं चहा ठेवला. त्या दुपारी काका दोन तास बोलले, आडनावाबद्दल एक अक्षर नाही. रोझमेरी कुत्र्यांना भ्यायची. सायकलीच्या दांडीवर बसून टपालाला यायची आणि कुत्रा दिसला की बापाच्या हातावर तोंड लपवायची. ती सगळं चहात बुडवून खायची, अगदी चीजसुद्धा. मी एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही.

फॉर्म टाकला, यथावकाश कागद आला, झोपेंची मुक्ता राणे झाली. शाळेत आता तिला 'रेनी डे' म्हणतात. नाव बदललं, पोरं तीच. ती म्हणते, चालेल, हे तरी मी निवडलंय.

पुढे महिन्याभरानं एका शनिवारी दहा वाजून गेले तरी टकटक झाली नाही. सव्वादहाला मीच चपला सरकवून बाहेर पडलो. काका त्यांच्या पत्रपेटीपाशी उभे होते. पोस्टमन नुकताच पुढच्या घराकडे वळला होता.

"तीन आठवडे झाले," ते म्हणाले. "वेलिंग्टनला पत्र टाकलंय. मिस आर. हिल."

"उत्तर आलं?"

"नाही."

त्यांनी पेटीचं झाकण उचललं, आत हात घालून कोपऱ्यापर्यंत चाचपलं आणि झाकण आवाज न करता खाली ठेवलं.

"पण परतही आलेलं नाही," ते म्हणाले.